टेक्निकल रायटर व्हायचंय, पण अनुभव कुठून आणू?

प्रश्न: तीन वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय. लिहायला मनापासून आवडतं म्हणून टेक्निकल रायटिंगकडे, म्हणजे मॅन्युअल आणि गाइड लिहिण्याकडे, वळायचंय, पण प्रत्येक जाहिरातीत अनुभव मागतात आणि फ्रेममेकर, डिटा, फ्लेअर अशी मॅन्युअल लिहायच्या सॉफ्टवेअरची आणि फॉरमॅटची नावं वाचूनच धडकी भरते. आधी एखादा महागडा कोर्स करू का?

उत्तर: पैसे सध्या खिशातच राहू देत. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स फुकट आहेत, पाया पक्का करायला तेवढे पुरतात. आणि तुम्ही टेस्टर आहात हो, बग रिपोर्टमध्ये काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि झालं काय हे ओळीनं लिहिताच ना, मग निम्मं काम तुम्हाला येतंच!

उरलेलं निम्मं म्हणजे वाचणारा कुठे अडतो ते ओळखणं. माझ्या पहिल्याच मॅन्युअलमध्ये पाचवी स्टेप होती 'रीसेट दाबा' आणि सहावीत लिहिलेलं, 'रीसेटआधी बॅकअप घ्या'. शेजारच्या सहकाऱ्याला करून बघायला दिलं, त्यानं पाचवी वाचली की लगेच दाबलं आणि त्याची सगळी सेटिंग्ज उडाली. लोक आधी सगळं वाचून मग काम करत नाहीत, एक ओळ वाचतात आणि तेवढंच करतात, म्हणून सावधानतेची सूचना कायम स्टेपच्या आधीच. तेव्हापासून दुसऱ्या कुणी करून बघितल्याशिवाय मी एकही पान पुढे पाठवलेलं नाही.

अनुभवाचं म्हणाल तर ओपन सोर्स प्रोजेक्ट्स आहेत की, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि कुणीही सुधारणा सुचवू शकतं अशी सॉफ्टवेअर. रोज वापरता त्यातलं एखादं घ्या, त्याची इन्स्टॉलेशन गाइड नव्या मशीनवर शब्दशः करून बघा, जिथे अडाल तेवढाच भाग नीट लिहून पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) पाठवा. त्यासाठी गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) आणि मार्कडाउन (साध्या चिन्हांनी हेडिंग, याद्या लिहायची पद्धत) लागेल. मार्कडाउन एका दुपारी येतं, गिटला मात्र थोडा वेळ द्या. फ्रेममेकर वगैरे कंपनीत गेल्यावर शिकता येतं, प्रत्येक ठिकाणी वेगळंच असतं ते.

पोर्टफोलिओत तीन नमुने बास, एखादी स्टेप-बाय-स्टेप गाइड, एखाद्या एपीआयचं (दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात तो दुवा) डॉक्युमेंटेशन, आणि तिसरा म्हणजे जुनं पान आणि तुम्ही सुधारलेलं पान शेजारीशेजारी, सोबत काय बदललं आणि का ते चार ओळींत. इंटरव्ह्यूत मी सगळ्यात आधी तोच उघडते.