लक्ष्मीच्या ताटातला टकला राजा

बाय,

तुझा व्हॉइस मेसेज ड्युटीवरून रूमवर आल्यावर ऐकला. दोन प्रश्न आहेत तुझे. एक म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या ताटात आपण परक्या राजांची तोंडं असलेले रुपये का मांडतो, आणि दुसरा, काका म्हणतोय की वाटण्या व्हायच्या आधी आजीच्या डब्यातले रुपये निवडून ठेव, तर भारी कुठला आणि साधा कुठला हे ओळखायचं कसं. फोनवर सांगितलं तर तू निम्मं विसरतेस, म्हणून टाइपच करतो.

तोंडाची पूजा कोणी करत नव्हतं गं, चांदीची करायचे. जुन्या माणसांचा कागदी नोटेवर भरवसा कमी, आणि कलदार, म्हणजे इंग्रजांचा जुना चांदीचा रुपया, म्हणजे सरळ एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी, राणी गेली राजा आला तरी वजन तेच. म्हणून ओटीत रुपया, साखरपुड्याला नारळ-रुपया, आणि दिवाळीला धणे-गूळ, लाह्या-बत्ताश्यांसोबत ताटात पण तोच. वर कोणाचं तोंड आहे ते आजीने कधी बघितलंच नसेल, खणखणीत वाजतोय ना, मग झाली लक्ष्मी.

आता आपल्या डब्यात घोळ असा आहे की गोव्यात दोन राजांचा पैसा चालायचा. सीमेपलीकडे इंग्रजांचा, इकडे पोर्तुगीजांचा. १८७८ साली त्या दोघांचा करार झाला आणि त्यानंतर गोव्याचा रुपया इंग्रजी रुपयाच्याच वजनाचा आणि तेवढ्याच चांदीचा झाला, पाडला पण कलकत्त्याच्या टांकसाळीत! त्याच्यावर एका बाजूला राजा लुईस आणि मागे मुकुट, ढाल आणि इंडिया पोर्तुगेझा, साल १८८१ किंवा १८८२. त्यामुळे आपल्याकडच्या बायकांनी दोन्ही रुपये एकाच डब्यात टाकले, काही फरकच पडत नव्हता त्यांना. तुला मात्र आता पहिला ढीग तोच करायचाय, पोर्तुगीज एकीकडे, इंग्रजी एकीकडे.

पोर्तुगीजांत लुईसनंतर राजा कार्लोस येतो, १९०३ आणि १९०४चा. मग १९१०मध्ये तिकडे राजेशाहीच गेली म्हणून १९१२च्या रुपयावर राजा नाही, एका बाईचं डोकं आहे, ती प्रजासत्ताकाची बाई. १९३५चा पण चांगल्या चांदीचा आहे. १९४७च्यात चांदी निम्मीच, आणि १९५२चा दिसायला पांढरा असला तरी त्यात चांदी नाहीच, काकाला सांग तो तोळ्याच्या हिशोबात धरू नको. पण फेकून नको देऊ, १९५८मध्ये रुपिया (गोव्याचा रुपया) जाऊन एस्कुदो हे पोर्तुगालचं चलन आलं, त्याच्या आधीचा हा शेवटचा रुपया, मला तो आवडतो.

इंग्रजी ढिगात सगळ्यात जास्त राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे निघतील. १८४० लिहिलेला रुपया बघून नाचू नको, ते साल त्यांनी १८६१पर्यंत तसंच ठेवलेलं, आणि १८६२चं पण साल पुढे बरीच वर्षं तेच चालवलं, त्यामुळे जुनं साल म्हणजे दुर्मिळ असं काही नाही. १८७७पासून राणीच्या नावापुढे क्वीनच्या जागी एम्प्रेस येतं. तू ज्याला टकला राजा म्हणालीस तो सातवा एडवर्ड, १९०३ ते १९१०, त्याच्या डोक्यावर मुकुटच नाही, मुकुट मागच्या बाजूला आहे आणि शेजारी कमळं. दाढीवाला मुकुटवाला म्हणजे पाचवा जॉर्ज. त्याच्यात १९११चा निघाला तर भिंगाखाली धर आणि राजाच्या अंगावरच्या झग्यावर बघ, बारीकसा हत्ती आहे पण सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला, मोठी बोंबाबोंब झाली आणि रुपया परत घेतला, १९१२पासून सोंड नीट काढली. डुकराचा रुपया म्हणून गोळा करणारे त्याला साध्यापेक्षा जास्त देतात. सहाव्या जॉर्जचे १९४० ते १९४५चे अर्ध्या चांदीचे, आणि १९४७चा वाघवाला तर निकेलचा, लोहचुंबकाला टपकन चिकटेल बघ.

चांदीचा रुपया चुंबकाला चिकटत नाही ही पहिली परीक्षा. दुसरी काटा, आईचा केकचा डिजिटल काटा चालेल, झिजलेला रुपया साडेअकराच्या खाली थोडा जाईल पण दहावर आला तर समज गडबड आहे. तिसरी आवाजाची, रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयाने हळूच टिचकी मार, चांदी लांबवर वाजत राहते, नकली ठक्क करून गप्प. या तिन्हीत पास झाला म्हणजे खरा असेलच असं नाही, पण नापास झाला तर मात्र बाजूला टाक.

किमतीचं म्हणशील तर चांदीची किंमत आणि नाण्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी. एका कलदार रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, त्याला त्या दिवसाच्या भावाने गुण, ही तळातली किंमत, सोनार घट धरून याच्याखालीच बोलेल. ज्याला कडी डाखलेली आहे किंवा भोक आहे (आजीच्या माळेतले असणार, तीन-चार तरी निघतील) ते गोळा करणारे घेत नाहीत, ते याच भावात. ज्यांच्यावर राणीचे केस, हत्तीची सोंड असलं बारीक काम अजून दिसतंय ते वेगळे ठेव, ते तोळ्यावर विकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, आणि काका नेमकं तेच करायला निघालाय.

आणि घासायचं नाही! चिंच, राख, टूथपावडर, काही म्हणजे काही लावायचं नाही. तो काळपट थर गेला की गोळा करणारा हात मागे घेतो. रबरबँड पण नको, त्यातल्या गंधकाने चांदी अजून काळी पडते, आणि आपल्याकडे पावसात काय होतं ते तुला माहीतच आहे. एकेक रुपया कागदाच्या पाकिटात, वर पेन्सिलीने साल आणि वजन. पूजेसाठी मात्र पाच वेगळे काढ, झिजलेले, कडीवाले असले तरी चालतील, त्यांना दूध-हळदकुंकू सगळं होऊ दे, ते वाटणीत येत नाहीत असं काकाला आताच सांगून ठेव, आई पण हेच म्हणेल.

मला एक मस्कतला पाठवते म्हणालीस ते नको. शंभर वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावस्तू धरतात, १९७२चा कायदा आहे, आपल्याला ते देशाबाहेर नेता येत नाही, बॅगेत सापडलं तर एअरपोर्टवर निस्तरत बसावं लागेल.

सहाव्या जॉर्जचा १९३९चा निघाला तर कोणालाच बोलू नको, आधी मला फोटो पाठव, तो खरा असला तर फार महाग पण नकलीच जास्त फिरतात. फोटो दोन्ही बाजूंचे आणि कडेचा पण, फ्लॅश बंद करून, खिडकीजवळच्या उजेडात काढ.

बाबा