'समाज' हा शब्द खोडून पाहा

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

मुले, स्त्रिया आणि संस्था यांच्या समाजातल्या भूमिकांवरच्या तुझ्या प्रबंधाचा कच्चा मसुदा दोनदा वाचला. मेहनत दिसते, भाषाही स्वच्छ आहे. मात्र पहिल्या बारा पानांत 'समाज' हा शब्द वाक्याचा कर्ता म्हणून एकेचाळीस वेळा आला आहे. समाज मुलांना गप्प बसवतो, समाज स्त्रीला घरात ठेवतो, समाज संस्थांना आपल्या साच्यात ओततो. यातले एकही वाक्य खोटे म्हणता येत नाही आणि एकही तपासता येत नाही. माझे सांगणे इतकेच आहे की पेन्सिल घेऊन तो शब्द खोड आणि त्या जागी कोणी, कोणत्या नियमाने आणि केव्हापासून, हे लिहून पाहा. जिथे लिहिता येणार नाही, तिथे अभ्यास अजून व्हायचा आहे असे समज.

बालपण ही निसर्गदत्त अवस्था आहे, असे तू गृहीत धरले आहेस. लहान असणे निसर्गदत्त आहे हे मान्य. पण माणसाने कितव्या वर्षापर्यंत 'मूल' राहायचे हे निसर्ग सांगत नाही. इंग्लंडमधल्या १८३३ च्या कारखाना कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत कामावर ठेवण्यास बंदी केली (रेशीमगिरण्या मात्र वगळल्या) आणि तेरा वर्षांखालील मुलांचे काम आठवड्याला ४८ तासांवर आणले. मुलांच्या कामावर निर्बंध घालणारे कायदे १८०२ आणि १८१९ मध्येही झाले होते, पण ते पाळले जातात की नाही हे पाहणारे सरकारचे पगारी निरीक्षक नव्हते. ते १८३३ मध्ये प्रथम नेमले गेले, आणि तेही सगळ्या देशासाठी चार. मग खरी अडचण पुढे आली. समोर उभे असलेले मूल नऊ वर्षांचे आहे, हे ठरवायचे कसे? सरकारी जन्मनोंदणी तेथे १८३७ साली सुरू झाली. तोवर वैद्य मुलाचा बांधा आणि चण पाहून, हे नऊ वर्षांच्या मुलाइतके दिसते, असा दाखला देत असत, आणि मजुरीची गरज असलेले आईबाप वय वाढवून सांगत. एका दंतवैद्याने तर दात पाहून वय ओळखण्याची पद्धत सुचवली. या आईबापांना तू क्रूर ठरवू नयेस, असे मला वाटते. ज्या घरात मुलाच्या मजुरीवर चूल पेटते, तिथे 'मूल' या शब्दाचा अर्थच वेगळा असतो. १८८० मध्ये शाळा सक्तीची झाली, तेव्हा कमावते मूल खर्चाचे मूल झाले. ही भूमिका बदलायला जन्माची नोंदवही, निरीक्षक आणि हजेरीपट अशा तीन रुक्ष गोष्टी लागल्या, आणि तुझ्या मसुद्यात नेमक्या त्याच नाहीत.

स्त्रियांवरचे प्रकरण अधिक भावनेने लिहिले आहेस आणि म्हणून ते अधिक निसटते झाले आहे. 'परंपरेने स्त्रीला परावलंबी ठेवले' हे वाक्य वाचताना डोळ्यांसमोर फार जुना काळ येतो. प्रत्यक्षात फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीशिवाय नोकरी धरण्याचा आणि स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघडण्याचा अधिकार १९६५ च्या कायद्याने मिळाला. पश्चिम जर्मनीत पत्नीने घराबाहेर काम करणे हे गृहकर्तव्यांशी सुसंगत असेल तरच चालेल, अशी तरतूद १९७७ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती. आयर्लंडच्या सरकारी नोकरीत लग्न होताच स्त्रीला राजीनामा द्यावा लागे आणि तो नियम १९७३ मध्ये उठला. म्हणजे जिला तू परंपरा म्हणतेस, ती पुष्कळदा बँकेच्या अर्जावरची सहीची एक रिकामी ओळ असते.

याच प्रकरणात 'स्वभावतः' हा शब्द तू दोनदा वापरला आहेस. त्याबद्दल एक उदाहरण देते, कारण तो शब्द मीही तरुणपणी बेफिकिरीने वापरत असे. अमेरिकेत १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकाची आज्ञावली तयार करण्याचे काम सहा स्त्रियांनी केले. यंत्र बांधणे हे महत्त्वाचे आणि म्हणून पुरुषांचे, त्याला गणिते मांडून देणे हे कारकुनी आणि म्हणून स्त्रियांचे, अशी तेव्हाची समजूत होती. चिकाटी आणि बारकावा हे स्त्रियांचे उपजत गुण मानले जात. पुढे याच कामाला पैसा आणि प्रतिष्ठा आली. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण १९८०च्या दशकाच्या मध्यास सुमारे ३७ टक्क्यांपर्यंत चढले आणि नंतर घसरत गेले. तेव्हा पुन्हा स्वभावच पुढे करण्यात आला: स्त्रियांना यंत्रात गोडी नसते! ज्या स्वभावाने काम मिळवून दिले, त्यानेच ते नाकारावे, हे पाहिल्यावर 'स्वभाव' हे कारण म्हणून लिहिताना लेखणी अडखळली पाहिजे.

संस्थांविषयी तू थोडक्यात लिहिले आहेस. मीही थोडक्यात लिहिते, पण त्यात माझीच एक चूक सांगावी लागेल. फार वर्षांपूर्वी एका संस्थेच्या कार्यकारिणीची मी चिटणीस होते. बैठका संध्याकाळी साडेसहाला भरत. लहान मुले असलेल्या दोन सदस्या सतत गैरहजर राहू लागल्या, तेव्हा 'महिला सदस्यांना कामकाजात पुरेसा रस दिसत नाही' असे वाक्य इतिवृत्तात आले. ते माझ्याच हस्ताक्षरात आहे. वेळ बदलून पाहावी असे कोणालाही सुचले नाही, मला स्वतःलाही नाही, कारण साडेसहाची वेळ हा नियम आहे असे कोणाला वाटतच नव्हते. ती नुसती वेळ होती. संस्था भूमिका ठरवते ती अशी, घटनेतल्या कलमांपेक्षा वेळापत्रकातून जास्त. नॉर्वेने १९९३ मध्ये बालसंगोपनाच्या रजेतले चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले. त्यांनी ते घेतले नाहीत तर वाया जाणार होते. तोवर रजा घेणारे वडील अगदी थोडे होते, काही वर्षांतच ते बहुसंख्य झाले. वडिलांचे वात्सल्य काही त्या वर्षी उगवले नव्हते.

एवढे वाचून तू दुसऱ्या टोकाला जाशील, ही मला धास्ती आहे. नियम बदलला की माणूस बदलतो, असे सरळ गणित मांडू नकोस. नियम बदलायला भाग पाडणारी माणसेही असतात. आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ रोजी सुमारे ९० टक्के स्त्रियांनी नोकरीतले आणि घरातले काम एक दिवस थांबवले. वडील मुलांना घेऊन कचेऱ्यांत आले, अनेक कामे ठप्प झाली, आणि एरवी न दिसणारे श्रम त्यांच्या गैरहजेरीत दिसले. पुढच्याच वर्षी तेथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. तुझ्या मांडणीत स्त्रिया केवळ घडवल्या जातात, घडवत काहीच नाहीत; ते प्रकरण या बाजूनेही पुन्हा पाहा.

शेवटी एक गोष्ट, जी खरे तर पहिल्यांदा लिहायला हवी होती. मुलांवरच्या प्रकरणासाठी तू आयांशी बोललीस, वडिलांशी बोललीस, शिक्षकांशी तर फारच सविस्तर बोललीस. छत्तीस पानांत एकाही मुलाचे एकही वाक्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातले बारावे कलम तू स्वतःच उद्धृत केले आहेस: मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला त्याच्या वयानुसार व समजेनुसार वजन दिले पाहिजे. मुलांसाठीची प्रश्नावली नव्याने तयार कर आणि त्यांच्याकडे जाण्याआधी मला दाखव. आत्ता परिशिष्टात जोडली आहेस तिच्यातले पहिले पाच प्रश्न 'तुमचे मूल' या शब्दांनी सुरू होतात.

तुझी,
मार्गदर्शिका