पासवर्ड नसतानाही दुरून सर्व्हर बंद पाडता येतो का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात लिनक्सवर चालणारा जुना सर्व्हर असून सराव परीक्षा त्यावरच होतात. त्यात ‘सॅक पॅनिक’ ही त्रुटी अजून असावी, असे तंत्रज्ञ म्हणतात. पासवर्ड ठाऊक नसलेला बाहेरचा माणूस सर्व्हर कसा बंद पाडू शकेल?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : पासवर्ड विचारला जाण्याच्या आधी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, जे काम चालते, त्यातच हा दोष आहे, म्हणून पासवर्ड कितीही भक्कम असला तरी तो येथे उपयोगी पडत नाही. नेटफ्लिक्समधील जोनाथन लूनी यांनी शोधलेली ही त्रुटी जून २०१९ मध्ये जाहीर झाली. २००९ साली आलेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून ती लिनक्समध्ये होती, म्हणजे दहा वर्षे ती कोणाच्या लक्षात आली नव्हती.

उदगीरच्या आडतीवरून सोयाबीनचे क्रमांक घातलेले दहा कट्टे लातूरला पाठवले आणि तिकडून ‘एक ते पाच व आठ ते दहा मिळाले’ असा निरोप आला, तर आपण सहावा आणि सातवा एवढेच कट्टे पुन्हा पाठवू. संगणकांमध्ये माहिती तुकड्यातुकड्यांनी पोचवण्याची जी पद्धत आहे, त्या टीसीपीमधील ‘सॅक’ ही अशीच निवडक पोचपावती आहे. हल्लेखोर जोडणी करतानाच ‘मला अगदी लहान तुकडे पाठवा’ असे कळवतो. लिनक्स ४८ बाइटपर्यंतची मर्यादा मान्य करते आणि त्यातले ४० बाइट टीसीपीच्या ऐच्छिक नोंदींत गेले, की माहितीसाठी अवघे ८ उरतात. त्यानंतर तो मुद्दाम रचलेल्या पोचपावत्या पाठवू लागतो, आणि पोचल्याचे कळलेले तुकडे कर्नल एका गठ्ठ्यात जोडत जातो. गठ्ठ्यात ३२ किलोबाइटचे १७ भाग मावतात. आठ-आठ बाइटांनी मोजल्यास त्यांचे ६९,६३२ तुकडे होतात. ते मोजण्याचा रकाना मात्र १६ बिटांचा असल्याने ६५,५३५ नंतर आकडा पुन्हा शून्यावर येतो. हिशेब जुळत नाही हे तपासणीत दिसताच कर्नल स्वतःला थांबवतो. ही तपासणी मला चुकीची वाटत नाही, कारण बिघडलेल्या हिशेबावर काम रेटणे अधिक धोक्याचे ठरले असते. खरी उणीव आहे ती परक्याने सांगितलेली इतकी लहान मर्यादा निमूटपणे स्वीकारण्यात.

यात माहितीची चोरी होत नाही. तरीही परीक्षा चालू असताना सर्व्हर थांबला तर विद्यार्थ्यांचे नुकसान खरेच होते, आणि सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर तोच प्रकार पुन्हा करता येतो.

उपाय कर्नल अद्ययावत करण्याचा आहे. ४.१९.५२ आणि ५.१.११ या आवृत्त्यांत दुरुस्ती आली. परंतु अनेक वितरक (उबुंटू, रेड हॅट यांसारखे लिनक्स तयार करून देणारे) जुन्या क्रमांकाच्या कर्नलमध्येही ती बसवून देतात, त्यामुळे केवळ क्रमांक न पाहता आपल्या वितरकाची सुरक्षा सूचना पाहावी. नवा कर्नल बसवल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे. वीज जाण्याच्या धास्तीने इन्व्हर्टरवर महिनोन्महिने अखंड चालवलेले सर्व्हर आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यात दुरुस्ती डिस्कवर पडून राहते आणि स्मृतीत जुना, सदोष कर्नलच चालू असतो.

तोपर्यंत ‘नेट.आयपीव्ही४.टीसीपी_सॅक’ या मांडणीचे मूल्य ० करून सॅक बंद ठेवता येते. त्यामुळे हरवलेले तुकडे भरून येण्यास वेळ लागतो आणि गळती असलेल्या जोडणीवर वेग मंदावतो, पण परीक्षेच्या काळात एवढे सोसणे रास्त आहे. सर्व्हर फक्त कक्षाच्या अंतर्गत जाळ्यावरच असेल, तर धोका त्या जाळ्यातील संगणकांपुरता उरतो. मात्र विद्यार्थी घरूनही परीक्षा देत असतील, तर दुरुस्ती पुढच्या परीक्षेआधीच करून घ्यावी.