दर ओढणीला रंग वेगळा का येतो?

प्रश्न : रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले आहे. नैसर्गिक रंगातल्या सुती ओढण्या करून विकायच्या आहेत. पण हळदीचा पिवळा महिन्याभरात उडाला आणि डाळिंबाच्या सालीत रंगवलेल्या दोन ओढण्याही सारख्या आल्या नाहीत. कुठे चुकतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हळद विकायच्या मालात नकोच. तिच्यातलं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, उन्हात टिकत नाही, साबणाच्या अल्कलीने लालसर होतं आणि तुरटीही त्याला वाचवू शकत नाही. डाळिंबाची साल मात्र भरवशाची. तिच्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुताला धरतं आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम टॅनिनला.

छटा बदलते ती बहुधा खळीमुळे. कोऱ्या कापडातली खळ आणि मेण राहिलं की रंग डागाडागांनी बसतो. एक किलो कोरड्या कापडाला, म्हणजे पाच-सहा ओढण्यांना, 15 लिटर पाणी आणि 30 ग्रॅम धुण्याचा सोडा घेऊन तासभर उकळा. धुऊन वाळल्यावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच जिरला पाहिजे. मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा.

मग पाणी. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर टॅनिनशी मिळून पिवळ्याचा शेवाळी होतो. पेलाभर पाण्यात सालीचा काढा चमचाभर टाका. काळपट झालं तर ते पाणी बाद. लोखंडी कढईही नको. हिराकस (लोहाचा क्षार) घालून मुद्दाम राखाडी छटा काढता येते, पण किलोला 10 ग्रॅमच्या पुढे जाऊ नका, सूत विरतं. हिराकशीचं पातेलं वेगळंच ठेवा.

राहिली साल. प्रत्येक पोत्यात टॅनिन कमी-जास्त असतं. म्हणून हंगामातली सगळी साल वाळवून, कुटून एकत्र कालवा. किलोभर कापडाला 400 ग्रॅम साल 15 लिटर पाण्यात तासभर उकळून गाळा, त्यात कापड मंद आचेवर 45 मिनिटं हलवत ठेवा. पिळून 150 ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात तासभर बुडवा. हलवायचा कंटाळा केला की घड्यांचे पट्टे दिसतात.

इथे तुमचं प्रॅक्टिकलचं जर्नल कामाला येतं. दर घाण्याला कापडाचं वजन, सालीचा लॉट, पीएच, तापमान, वेळ लिहा आणि दोन इंचाचा तुकडा चिकटवा. दुसरा तुकडा पुठ्ठ्याने अर्धा झाकून दोन आठवडे उन्हात ठेवा. मोठी ऑर्डर घेण्याआधी टेक्स्टाइल्स कमिटीच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी धुण्याची आणि उन्हाची चाचणी करून घ्या.

प्रश्न : अशा ओढणीची किंमत कशी ठरवावी? दुकानदार विक्रीच्या किमतीतले 40 टक्के मागतो.
– बी.कॉम.चा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : कॉस्टिंगच्या तासाला शिकलात तेच, फक्त स्वतःची मजुरी विसरू नका. समजा कापड 180, रंग-तुरटी 35, गॅस 15, दीड तासाची मजुरी 120. एकूण 350 रुपये. दहात एक ओढणी बिघडते असं धरा आणि 0.9 ने भागा, म्हणजे 389. दुकानात 700 ला विकली तर हाती 420 येतात, उरतात 31. पॅकिंगमध्येच ते संपतील. 850 लावा, नाहीतर दुकानाचा नाद सोडा. पण प्रदर्शनातल्या तुमच्या टेबलावर त्याहून स्वस्त विकू नका, दुकानदार पुन्हा दारात उभं करणार नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर फुकट होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.