टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या (टीआय) टीआय-८३ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरचा, ब्राउझरमध्ये चालणारा एम्युलेटर (म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) लिहिला आहे. आता त्यात ८२ आणि ८५ ही जुनी मॉडेल्स घालायची आहेत. प्रोसेसर तोच आहे, मग कितीसं काम पडेल? सुरुवात कुठून करू?

"प्रोसेसर तोच आहे" एवढं वाचूनच हात शिवशिवले. प्रोसेसर तोच असतो हो. १९९० चा टीआय-८१ घ्या, १९९२ चा ८५, १९९३ चा ८२, १९९६ चा ८३ किंवा तुमचा ८३ प्लस, सगळ्यांच्या पोटात झेड-८०च. पण तेवढ्यावरून ही मशीनं एकच म्हणायची असतील तर इडली आणि तांदळाची भाकरीही एकच म्हणा, तांदूळ तोच आहे.

थोडक्यात हवं असेल तर: ८२ ला फार काम नाही. ८५ ला आहे, आणि तरीही सुरुवात ८५ नेच करा. का, ते सांगते. ओघात थोडं घरचं भांडण येईल, ते सांभाळून घ्या.

मी ८५वाली. बाबांची नोकरी अमेरिकेत डॅलसजवळ होती, माझं हायस्कूल तिथेच झालं. १९९५ पासून एपी कॅल्क्युलसच्या (शाळेतच शिकायचं कॉलेजच्या पातळीचं गणित) परीक्षेला ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागायला लागला, त्यामुळे वर्गात प्रत्येकाकडे एक असायचाच, आणि तो बहुतेक ८२ असायचा. बाबांनी दुकानात दोन्ही हातात घेऊन पाहिले आणि महागातला ८५ उचलला. म्हणाले, "पुढे इंजिनीअरिंगलाही चालेल." वस्तू एकदाच घ्यायची, हा आमच्या घरचा नियम. झालं असं की वर्गात बटणं सांगितली जायची ती ८२ ची. समीकरण लिहायला त्यांच्याकडे सरळ वेगळं बटण. माझ्याकडे आधी ग्राफ दाबा, मग पडद्याच्या तळाशी मेनू येणार, त्यात एफ-१. मी तिथवर पोचेपर्यंत बाकीच्यांचा पॅराबोला काढून झालेला असायचा. त्यात ८२वाले केबल लावून एकमेकांना प्रोग्रॅम द्यायचे, आणि माझ्या मशीनशी त्यांचं जमायचं नाही.

मग झेडशेल आलं, ८५ वर पोरांचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर. ८५ वर मशीन कोड (थेट प्रोसेसरच्या भाषेतला प्रोग्रॅम) चालवायची सोय टीआयने दिलेलीच नव्हती. पोरांनीच वाट शोधली: अख्ख्या मेमरीचा बॅकअप म्हणून एक फेरफार केलेली फाइल केबलने आत सोडायची, आणि कस्टम मेनूतलं बटण दाबलं की टीआयच्या सॉफ्टवेअरऐवजी आपला कोड धावायला लागायचा. त्यावर खेळ आले आणि काही खेळांत तर चक्क राखाडी रंगाच्या छटा होत्या. काळा आणि कोरा याशिवाय तिसरं काही न येणाऱ्या पडद्यावर! वर्गात पहिल्यांदा कुणीतरी माझा कॅल्क्युलेटर मागून घेतला, तो यासाठी.

हे सगळं सांगायचं कारण माझा मामेभाऊ. तो पुण्यात असतो, जावास्क्रिप्टचा पक्का, कॉलेजात ८०८५ शिकलेला. ८०८५ काय आणि झेड-८० काय, दोन्ही ८०८० च्याच घराण्यातले, त्यामुळे प्रोसेसरचा भाग त्याने बघता बघता लिहिला. झेक्सॉल ही झेड-८० ची सूचनान्‌सूचना तपासणारी चाचणीही पास झाली. आमचा ८३ प्लस चालायला लागला. जुनी मॉडेल्स घ्यायची ठरल्यावर तो तुमच्यासारखंच म्हणाला, "ताई, प्रोसेसर तोच आहे ना? ८२ आधी घेऊ, मग ८५ साठी दोन-चार इफ टाकले की झालं."

इफ टाकलेही त्याने. ८५ सुरू झाला, साइनचा ग्राफ निघाला, मेनू दिसले, आणि साहेबांनी काम संपलं म्हणून जाहीर केलं. मी माझा जुना राखाडी खेळ चढवला. अर्धं चित्र गायब.

आता यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण तुमच्या कोडमध्ये हेच होणार आहे. ८२, ८३ आणि ८३ प्लस यांच्या पडद्याला स्वतःची चिप असते, तोशिबाची टी६ए०४. तिची मेमरी वेगळी. प्रोसेसर हेक्समधल्या (सोळाच्या पद्धतीने मोजलेल्या) १० आणि ११ नंबरच्या पोर्टांतून, म्हणजे बाहेरच्या भागांशी बोलायच्या वाटांतून, तिला एकेक बाइट भरवतो. हे तुम्ही लिहिलेलंच आहे. ८५ मध्ये ही भानगडच नाही. तिथे पडदा म्हणजे नेहमीच्या रॅमचाच १०२४ बाइटचा एक तुकडा, १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा. कोणता तुकडा दाखवायचा ते पोर्ट ० मध्ये लिहिलेल्या आकड्यावर ठरतं. टीआयचं स्वतःचं सॉफ्टवेअर नेहमी हेक्स एफसी०० पासूनचा तुकडा वापरतं, म्हणून मामेभावाने तोच पत्ता कोडमध्ये ठोकून दिला होता. राखाडी खेळ मात्र दोन चित्रं ठेवतात आणि इंटरप्टमध्ये (प्रोसेसरला ठरावीक वेळाने मिळणाऱ्या इशाऱ्यावर) पोर्ट ० बदलून एकदा हे, एकदा ते दाखवतात. एक चित्र दुसऱ्याच्या दुप्पट वेळ दाखवलं की डोळ्याला चार छटा दिसतात. एलसीडी मुळातच मंद, त्यामुळे फारसं लुकलुकतही नाही.

मी म्हटलं, पोर्ट ० पाळ. त्याने पाळला, पण कसा? फ्रेम काढायच्या क्षणी जो पत्ता असेल त्यावरचं चित्र काढायचं. आता खेळ चित्र बदलतो सेकंदाला साठहून कितीतरी जास्त वेळा आणि ब्राउझर फ्रेम काढतो साठ. दोघांचा ताल जमेना, पडदा असा थरथरायला लागला की बघणाऱ्याचं डोकं उठावं. मग म्हणे मागच्या दोन फ्रेमची सरासरी घेऊ. थरथर थोडी कमी झाली, छटा चुकीच्याच. "ताई, टीआयचं सॉफ्टवेअर नीट चालतंय ना? एका खेळासाठी किती करायचं? ८५ वापरतं कोण आता?"

तर याचं उत्तर तेव्हा फोनवर दिलं होतं, आता इथे लिहून देते. ग्राफ काढायला जुन्या कॅल्क्युलेटरच्या एम्युलेटरवर कुणीही येत नाही. ग्राफ काढायला डेस्मॉस ही वेबसाइट आहे, फुकट आहे आणि ८५ पेक्षा शंभरपट बरं आहे. जुन्या मॉडेलकडे माणूस येतो तो स्वतःचा किंवा कुणाचा तरी जुना प्रोग्रॅम घेऊन. तोच धड चालत नसेल तर तुम्ही कॅल्क्युलेटरचा फोटो टाकलात तरी चालेल. "टीआयचं सॉफ्टवेअर चालतंय" ही परीक्षाच नव्हे. त्या सॉफ्टवेअरने कधी न वापरलेल्या वाटांनी पोरांचे प्रोग्रॅम जायचे, आणि एम्युलेटर खरा की खोटा ते तिथेच कळतं.

शेवटी तो भाग मी लिहिला. घड्याळ ६ मेगाहर्ट्झचं धरलं तर सेकंदाच्या साठ फ्रेमपैकी एकीला एक लाख टी-स्टेट (घड्याळाचे ठोके) मिळतात. पोर्ट ० वर नवा आकडा आला की आधीचं चित्र किती टी-स्टेट पडद्यावर होतं ते बघायचं आणि त्याच्या प्रत्येक काळ्या ठिपक्याच्या खात्यात तेवढे जमा करायचे. फ्रेम संपली की एकूण टी-स्टेटने भागायचं, आलेली छटा रंगवायची. ठिपके फक्त ८१९२ आहेत, आजच्या ब्राउझरला त्याचं काहीच वाटत नाही. वर मागच्या फ्रेमचा थोडा अंश मिसळलात तर खऱ्या एलसीडीसारखी आधीच्या चित्राची पुसट सावलीही येते. खेळ जसाच्या तसा दिसला. मामेभाऊ अजून घरच्या कार्यात सांगत फिरतो की ताईने एका खेळापायी अख्खा पडदा परत लिहायला लावला. त्याच पडद्यावर ८६ नंतर जवळपास आयता मिळाला, हे सांगायला मात्र विसरतो. ८६ चा पडदाही ८५ सारखाच रॅममधून दिसतो. रॅम १२८ केबी आहे, तेवढं मेमरीची पानं (तिचे तुकडे) उलटायचं काम वाढतं.

म्हणून ८५ आधी. ८२ आधी घेतलात तर तुमचा ८३ प्लसचा साचा तसाच राहतो: तोच पडदा, पोर्टंही बरीचशी तीच, फ्लॅश (पुन्हा लिहिता येणारी कायमची मेमरी) काढून टाकायची, रॉम (टीआयचं सॉफ्टवेअर असलेली न बदलणारी मेमरी) १२८ केबी, संपलं. त्यातून तुमच्या कोडची चूक बाहेर पडत नाही. ८५ आला की पहिल्या दिवशी आपटता, आणि ते बरंच आहे. नुसता पोर्ट ० बघा: ८२-८३ वर तो लिंक केबलचा, ८५ वर पडद्याच्या पत्त्याचा, आणि ८५ ची केबल असते पोर्ट ७ वर. हे सगळं एका फंक्शनमध्ये इफ लावून कोंबलंत तर तिसऱ्या मॉडेलला तुमचं तुम्हालाच वाचता येणार नाही. प्रत्येक मॉडेलचा पोर्टांचा तक्ता वेगळा ठेवा, पडदा वेगळा, मेमरीची पानं वेगळी. प्रोसेसरला आपण कुठल्या मशीनमध्ये बसलोय हे कळायचं कारणच नाही.

आणखी दोन गोष्टींत वेळ जाईल. पहिली म्हणजे रॉम ओळखणं. फाइलच्या आकारावरून मॉडेल ठरवत असाल तर ८२ आणि ८५ दोघांचीही रॉम १२८ केबी, ८३ आणि ८६ दोघांचीही २५६. आत डोकवावं लागतं. ८५ मध्ये कॅटलॉग आहे, ८२ मध्ये नाही. तो शब्द रॉममध्ये शोधा. नाहीतर सरळ वापरणाऱ्यालाच विचारा, त्याला माहीत असतं. ८५ च्या रॉमच्या आवृत्त्याही बऱ्याच, शेवटची १०.०. एकीवर चाललं म्हणून खूश होऊ नका.

दुसरी गोष्ट फाइल आत घालण्याची. ८३ प्लस निमूट फाइल घेतो. ८२ आणि ८५ घेत नाहीत, आधी लिंक मेनूत जाऊन रिसीव्ह लावून ठेवावं लागतं. आजच्या पोराला हे कोण सांगणार? तेव्हा पानावर फाइल सोडली की एम्युलेटरनेच ती बटणं दाबावीत आणि मग खऱ्या केबलसारखं बोलावं: दोन तारा, एका बाजूने बिटसाठी एक तार खाली ओढायची, समोरच्याने दुसरी ओढून पोच द्यायची. फाइल परस्पर रॅममध्ये कोंबायचा मोह होईल, तो टाळा. झेडशेलचा सगळा खेळच बॅकअपमधून आत शिरण्याचा होता, त्यामुळे केबल नीट केलीत तर तोही आपोआप चालतो. फाइल कुठल्या मॉडेलची ते तिच्या पहिल्या आठ अक्षरांत लिहिलेलं असतं, ते तपासा आणि चुकीची असेल तर स्पष्ट सांगा. नुसता गप्प बसणारा एम्युलेटर मला सहन होत नाही.

हो, आणि या मशीनांत फ्लॅश नाही, सगळं बॅटरीवरच्या रॅममध्ये. टॅब बंद झाला म्हणजे बॅटरी काढल्यासारखंच, तेव्हा रॅम ब्राउझरमध्ये जपून ठेवा.

किती काम पडेल हे तुम्ही विचारलं होतं. तुमचा कोड न बघता कसं सांगू? पडदा आणि पोर्टं प्रोसेसरपासून सुटी असतील तर थोडं. नसतील तर आधी ती सुटी करा, मॉडेलचं नंतर बघू. अडलात तर मेमचा (MAME, असंख्य जुन्या मशीनांचा एम्युलेटर) सोर्स उघडा आहे, त्यात ८१ पासून ८६ पर्यंत सगळे सापडतील. इंटरनेट आर्काइव्हने २०२३ मध्ये ब्राउझरमध्ये जुने कॅल्क्युलेटर ठेवले तेही मेमवरच चालतात.

रॉम मात्र स्वतःच्या साइटवर ठेवू नका. ती टीआयची मालमत्ता आहे. २००९ मध्ये ८३ प्लसची ५१२ बिटची सहीची किल्ली (सॉफ्टवेअर टीआयचंच आहे हे मशीनला पटवणारा गुप्त आकडा) हौशी लोकांनी फोडली तेव्हा टीआयने नोटिसा धाडल्या होत्या. ईएफएफ ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था त्या लोकांच्या बाजूने उभी राहिली ही वेगळी गोष्ट. तुमच्या बाजूने कोण उभं राहणार? रॉम ज्याची त्याने आपल्या कॅल्क्युलेटरमधून काढून आणावी आणि ती ब्राउझरच्या बाहेर जाऊ नये.

८१ चं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी मागणारच. त्याला लिंक पोर्टच नाही. रॉम ३२ केबी, प्रोग्रॅमला जागा २४०० बाइट, प्रोग्रॅम जास्तीत जास्त ३७. तेव्हा फाइल आत घालायचा प्रश्नच मिटतो, संगणकाच्या कीबोर्डवरून अक्षरं टाइप करता आली म्हणजे पुरे. ९२ किंवा ८९ कुणी मागितला तर सरळ नाही म्हणा. त्यांच्यात मोटोरोलाचा ६८००० आहे. तिथे प्रोसेसरसुद्धा तोच नाही.