विचार करत बसू नकोस, विचार

सोलापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी तुझी आई आली होती. समोरचा चहा तसाच गार झाला. "पोरीच्या दाराला कुणीतरी पाटी लटकवून गेलंय ओ भाऊजी," एवढंच सारखं म्हणत होती. परदेशी म्हणून मुद्दाम केलं, असं तुला वाटतंय. चार दिवसांत पाटीचा फोटो तू आईला पाठवलास, मैत्रिणींना पाठवलास, मलाही आला. शेजारच्या दारापर्यंत मात्र गेली नाहीस. मला राग आला तो याचा.

अगं, ती केअरवोखंची पाटी आहे. जर्मनीतली, श्टुटगार्टकडची जुनी रीत. जिन्याची झाडलोट आठवड्याला एका बिऱ्हाडाकडे. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी. आठवडा संपला की ती पुढच्याच्या दाराला अडकवायची. तिथली माणसं या रिवाजाची मुळं थेट १४९२ च्या नगरनियमांपर्यंत नेतात. तुला त्या जिन्याच्या पाळीत धरलंय, एवढंच.

पण मी उलगडून सांगितलं म्हणून भागत नाही. उद्या दुसरं काही खटकेल, तेव्हा कुणाला फोटो पाठवणार? म्हणून म्हणतो, विचार करत बसू नकोस, विचार.

१९८७ साली मी तिकडे आठ महिने होतो. यंत्रमागावरचा फिटर, मालकांनी नवे माग शिकून यायला धाडलेला. पहिल्याच आठवड्यात एकाने घरी जेवायला बोलावलं. भांडं पुढ्यात आलं, मी मान डोलावून "डांके", म्हणजे धन्यवाद, म्हणालो. भांडं पुढे गेलं. पुन्हा आलं, पुन्हा "डांके", पुन्हा गेलं. वाढताना नुसतं डांके म्हटलं की तिथे "नको" होतं. हवं असेल तर "बिटं" म्हणायचं. आपल्याकडे तीनदा आग्रह झाल्याशिवाय पाहुणा हो म्हणत नाही, तिथे एका शब्दावर विश्वास ठेवतात. मी अर्धपोटी परतलो आणि ते घर कंजूष ठरवून मोकळा झालो.

हे तरी लहान. पुढचं मला अजून झोपू देत नाही.

एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरची खोली मिळाली होती. माझ्या आईने बरोबर लोखंडी खलबत्ता दिलेला. रविवारी दुपारी शेंगाचटणी कुटायला बसलो. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ. दाण्याला तेल सुटेपर्यंत बत्ता थांबवायचा नाही. दहा मिनिटांत बाई जिना चढून आल्या. चेहरा लाल, बत्त्याकडे बोट, भराभर बोलत होत्या. माझ्या लसणाचा वास यांना खपत नाही, एवढंच मी धरलं. त्या दिवसापासून "गुटन मॉर्गन"पलीकडे एक शब्द बोललो नाही. सात महिने. निघताना त्यांनी दारात हात पुढे केला. मी बॅग उचलली.

बऱ्याच वर्षांनी माग जोडायला आलेला एक जर्मन इंजिनिअर जेवता जेवता सहज म्हणाला, रविवारी आमच्याकडे भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाहीत, तो शांततेचा दिवस. माझा घास हातातच राहिला.

तो जानेवारीत आला होता, म्हणून त्याला सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला नेलं. अक्षता सोहळ्यात "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" सुरू झालं आणि याचे प्रश्न सुरू. लग्न कुणाचं? नंदीध्वज एवढे उंच का? दिड्डम म्हणजे काय? मला निम्मंही सांगता येईना. जन्म इथे गेला, पण मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. त्याने बाराबंदीतल्या एका पोराला थांबवलं आणि त्यालाच विचारलं.

तू म्हणशील, काकांना जर्मन येत नव्हतं. खरंच येत नव्हतं. दिवसभर माग, रात्री वह्या, घरी पैसे धाडायचे. कुणापाशी जाऊन काय विचारणार होतो? पण बाईंना बत्ता दाखवून भुवया उंचावल्या असत्या तरी पुरत होतं. तुझ्यापाशी भाषा आहे, परीक्षा देऊन गेलीयस. मग अडतं कुठे?

लॅबमध्ये कुणी वाढदिवस केला नाही म्हणून रुसलीस, तेही आईने सांगितलं. तिथे ज्याचा वाढदिवस तोच केक घेऊन जातो. ते वाट बघत असतील तुझ्या केकची. हेही कुणाला तरी विचारता आलं असतं ना?

विचारल्यावर एखादा खरंच वाकडं बोलेल. तेव्हा ऐकून घेऊ नकोस. तिथल्या तिथे सुनाव, मी तुझ्या पाठीशी आहे. पण आधी विचार.

आज जिना पुसून घे. मग शेजारचं दार वाजव आणि पाटी पुढे कुणाच्या दाराला लावायची ते विचार. शेंगाचटणी तुझ्या आईपाशी दिली आहे. पोचली की एक पुडी त्या शेजारणीला दे. तिखट चालतं का, ते आधी विचार.

तुझा,
काका