शेवट कुणाच्या हातात आहे?

प्रिय मुली,

रविवारी तू गेलीस आणि तुझ्या चित्रांच्या झेरॉक्स माझ्याकडेच राहिल्या. चार दिवस त्या टेबलावर आहेत. एका गठ्ठ्यात बारीक, अखंड रेघ, मैलभर वाळवंट आणि त्यावरून उडणारा एकटा माणूस. दुसऱ्यात चौकट फोडून अंगावर येणाऱ्या मुठी, फुगलेले दंड, कोसळणाऱ्या इमारती. आणि तुझा प्रश्न, "सर, युरोपियन कॉमिक्स खरं की अमेरिकन सुपरहीरो? मला एकच काहीतरी धरायचंय." कॉलेजात तुला कुणी सांगितलं की सुपरहीरो म्हणजे बाजारू माल आणि कला बघायची तर फ्रान्स-बेल्जियमकडे बघ. पुण्याचा स्टुडिओ मात्र परदेशी कंपन्यांची पानं रंगवायला बोलावतोय, तीन वर्षांच्या बाँडवर. वडील म्हणतात, नोकरी घे.

त्या दिवशी पाहुणे बसलेले होते म्हणून मी काहीतरी थातुरमातुर बोललो. आता नीट सांगतो. प्रश्नच चुकीचा विचारलास. रेघ कुठल्या देशाची हे बघू नकोस. गोष्टीचा शेवट कुणाच्या हातात आहे, ते बघ.

सुपरहीरो काढणाऱ्या अमेरिकन जॅक कर्बीला बाजारू म्हणणाऱ्यानं त्याचं एक पान समोर ठेवून पेन्सिलीनं उतरवून बघावं. तू बघ, सांगतोय म्हणून बघ. माणूस धावतोय हे दाखवायला तो पाय लांब करत नाही, अख्खा देह वाचकाच्या नाकासमोर फेकतो. एका पानात चार-पाच चौकटी आणि प्रत्येकीत वजन एका बाजूला ढकललेलं. हे सगळं महिन्याच्या महिन्याला, अंक वेळेवर स्टॉलवर लागायला हवा म्हणून. पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची, अक्षरं तिसऱ्याची, रंग चौथ्याचा. या धबडग्यात त्यानं जे केलं त्याला मी हात जोडतो. लहानपणी रद्दीवाल्याकडून आणलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर, म्हणजे अमेरिकन फँटमवर, मीही वाढलोय, अमेरिकेच्या चित्रकथेला नावं ठेवणारा मी कोण?

पण त्याच कर्बीची गोष्ट पुढे ऐक. १९६६ साली मार्व्हल कंपनीच्या 'फँटास्टिक फोर' मालिकेच्या पानांत त्यानं चंदेरी अंगाचा, फळीवर उभा राहून अवकाशात फिरणारा एक जण आपणहून घातला. लेखक-संपादक स्टॅन ली यांच्याशी ठरलेल्या कथानकात तो नव्हता. तोच सिल्व्हर सर्फर. दोन वर्षांनी त्या पात्राचा स्वतंत्र अंक निघाला तेव्हा चित्रं दुसऱ्याला दिली गेली आणि त्याचा जन्म कर्बीच्या मनात होता त्याहून निराळाच ठरला. पुढे १९८८ साली तेच पात्र स्टॅन ली यांच्याबरोबर कुणी काढलं? तुझ्या पहिल्या गठ्ठ्याचा जो देव आहे त्यानं, फ्रेंच चित्रकार मोबियसनं. म्हणजे तुझे दोन्ही गठ्ठे एका पात्रात एकत्र आलेले आहेत, आणि ते काम सुंदर आहे. मोबियसच्या रेघेनं ते पात्र युरोपियन झालं नाही. ते कंपनीचंच राहिलं. आणि ज्यानं जन्माला घातलं त्या कर्बीला ऐंशीच्या दशकात आपल्याच हातची मूळ पानं परत मिळवायला भांडावं लागलं. इतरांकडून एका पानावर सही घेत होते, त्याच्यापुढे चार पानांचा कागद ठेवला. हजारो पानांपैकी सुमारे दोन हजार १९८७ मध्ये हाती आली.

सुपरमॅनचं तुला माहीत असेलच. त्याला जन्म देणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर, दोन पोरं. १९३८ साली तेरा पानांचे पानाला दहा डॉलर, म्हणजे एकशे तीस डॉलर, आणि त्यात पात्राचे सगळे हक्क गेले. नाव पुन्हा छापलं जायला आणि वर्षासन सुरू व्हायला १९७५ उजाडलं. हे सगळे रडगाणं म्हणून सांगतात. मी तुला चित्रकाराच्या नजरेनं सांगतो. पात्र विकलं गेलं की त्याला मरता येत नाही. १९९२ साली सुपरमॅनला मारलं, गाजावाजा झाला, आणि पुढच्या वर्षी तो परत आला. यायलाच हवा होता, कारण त्याचं मरण हे गोष्टीची गरज म्हणून आलेलं नव्हतं. ज्या गोष्टीला शेवट नाही तिला मधलाही भाग नसतो. तिथे माणूस म्हातारा होत नाही, लग्न मोडलं तरी पुसता येतं, चूक कायमची होत नाही. त्या चित्रांतला जोर खरा, पण परिणाम पुसट होत जातो. हा दोष रेघेचा नाही, कागदावरच्या सहीचा आहे.

आता तू म्हणशील, 'वॉचमेन' या सुपरहीरोंच्या चित्रकथेला तर शेवट आहे. आहे ना! लेखक अॅलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी बारा अंकांत, १९८६-८७ मध्ये, गोष्ट पुरी केली. करारात होतं की पुस्तक छापायचं बंद झालं की हक्क त्यांच्याकडे परत येतील. पुस्तक इतकं खपलं की छापायचं बंदच झालं नाही. २०१२ मध्ये कंपनीनं त्याच पात्रांच्या आधीच्या गोष्टी दुसऱ्यांकडून काढून घेतल्या. शेवट लिहिणं वेगळं आणि शेवट हातात असणं वेगळं, हे यापेक्षा स्पष्ट मला सांगता येणार नाही.

आणि टिनटिन काढणारा बेल्जियन हेर्जे बघ. १९५८-५९ मध्ये त्याला रात्री पांढरीशुभ्र स्वप्नं पडायची, संसार मोडत होता, मनोविश्लेषकानं काम थांबवायचा सल्ला दिला. त्यानं थांबवलं नाही. टिनटिनला तिबेटच्या बर्फात पाठवलं आणि गोष्टीतून खलनायकच काढून टाकला. दिल्लीतला कुतुबमिनार आणि लाल किल्ला मागे पडतो, काठमांडू मागे पडतं, आणि मग पानं रिकामी होत जातात. पांढऱ्या कागदाला त्यानं बर्फ म्हणून कामाला लावलंय. शेवटच्या चौकटीत यती एकटा, दुरून, निघून जाणाऱ्या तांड्याकडे बघत उभा. साप्ताहिकात क्रमशः येणारी पानं ही. प्रत्येक पानाच्या शेवटच्या चौकटीनं वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत धरून ठेवायचं. म्हणजे दबाव तिथेही होता. पण साठेक पानांनंतर आल्बम, म्हणजे एका गोष्टीचं पुस्तक, संपतो आणि संपल्यावर संपतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो शेवटची चौकट अशी काढू शकला. १९८३ मध्ये हेर्जे गेला तेव्हा एक आल्बम अर्धवट होता. त्याचा वर्षानुवर्षांचा सहकारी बॉब दी मूर तो पुरा करायला तयार होता, हात तितका तयारही होता. तरी पुरा केला नाही, कारण आपल्यामागे टिनटिन कुणी काढू नये अशी हेर्जेची इच्छा होती. १९८६ मध्ये कच्चे आराखडेच छापले. टिनटिनला बंदुकीच्या धाकावर नेताहेत, आणि थांबलं. तो तुटलेला शेवटही त्याचाच आहे.

लगेच पूजा मांडू नकोस. याच हेर्जेनं काँगोतल्या माणसांची जी चित्रं काढली ती आज बघवत नाहीत. आणि युरोपात सगळ्यांना हक्क ताटात वाढून मिळाले, असंही समजू नकोस. १९५६ साली लेखक गोसिनी आणि शार्लिए व चित्रकार उदेर्झो यांनी चित्रकथाकारांच्या हक्कांसाठी संघटित व्हायचा प्रयत्न केला. गोसिनीला काढून टाकलं आणि उरलेले दोघे त्याच्याबरोबर बाहेर पडले. तीन वर्षांनी 'पिलोत' साप्ताहिक निघालं आणि २९ ऑक्टोबर १९५९ च्या पहिल्या अंकात गोसिनी-उदेर्झोचा अॅस्टेरिक्स आला. अॅस्टेरिक्सच्या गावाभोवती रोमन छावण्यांचा वेढा आहे आणि गाव शरण जात नाही. मला ते चित्र बघताना दर वेळी १९५६ आठवतं. आता अॅस्टेरिक्सही नव्या हातांनी काढतात, पण ते उदेर्झोनं जिवंतपणी स्वतः ठरवलं. बेल्जियन चित्रकार फ्रांकॅंचं उलट. तो काढायचा तो 'स्पिरू' नायक प्रकाशकाचा होता, तो १९६८ मध्ये दुसऱ्याकडे गेला. मार्सुपिलामी हा प्राणी स्वतःचा होता, तो त्यानं बरोबर नेला. पण आपलं गास्तों हे पात्र दुसऱ्या कुणी काढू नये असं त्यानं म्हणून ठेवलेलं असताना, त्याच्या मुलीनं विरोध करूनही, २०२३ मध्ये नवा गास्तों निघालाच. युरोप म्हणजे स्वर्ग नाही. तिथेही हाच एक प्रश्न आहे. शेवट कुणाच्या हातात?

हे मी इतकं का उगाळतोय, ते तुला कळायला हवं.

१९९८ मध्ये मी एका बालमासिकात एक मालिका सुरू केली. कोकणातल्या दीपगृहावर राहणारा अकरा वर्षांचा मुलगा, वडील दिवा सांभाळणारे. सहा वर्षं महिन्याला चार पानं. मुलं पत्रं लिहायची. मग दीपगृहं आपोआप चालायला लागली, माणसांची गरज संपत आली, आणि मला कळलं की माझी गोष्ट इथेच जायची होती. वडिलांची बदली होते, मुलगा शेवटची रात्र जिन्यावर बसून काढतो, खाली सामान बांधलेलं. मी ती चार पानं काढली. आजवर काढलेल्यांतली ती सर्वांत चांगली पानं होती. संपादक म्हणाले, मुलांना आवडतोय तर संपवायचा कशाला? मी पानं बदलायला नकार दिला. पुढच्या अंकात दुसऱ्याच्या हातचा माझा मुलगा खजिना शोधायला निघाला. मानधनाच्या प्रत्येक व्हाउचरच्या तळाशी बारीक अक्षरांत 'सर्व हक्कांसह' छापलेलं होतं आणि मी सहा वर्षं त्याखाली सही करत आलो होतो. एकदाही वाचलं नाही. माझी मूळ पानं कार्यालयाच्या स्थलांतरात रद्दीत गेली. ती शेवटची चार पानंही.

२०१३ साली एका वकील मित्रानं सांगितलं की आपल्या कायद्यात हक्कांच्या हस्तांतराच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. माझ्या व्हाउचरवर मुदत नव्हती. निदान मागता आलं असतं, भांडता आलं असतं. तोवर मासिकच बंद पडलं होतं आणि तो मुलगा अकरा वर्षांचाच राहिला.

त्यानंतर पात्राचे हक्क मागणाऱ्या कुठल्याही कागदावर मी सही केली नाही. तीन मोठी कामं सोडली. पाठ्यपुस्तकांत पचनसंस्था आणि नद्यांचे नकाशे काढले, घर बायकोच्या पगारावर चाललं. लोक याला अहंकार म्हणतात, तुझ्या कानावरही आलं असेल. अहंकार असता तर मी नकाशांखाली नाव मागितलं असतं. मला फक्त माझ्या माणसाला मोठं होऊ द्यायचं होतं. त्याची किंमत घरच्यांनी मोजली, हे मला रोज दिसतं आणि सलतं. तरी आज पुन्हा ती चार पानं समोर आली तर मी ती बदलणार नाही. चूक नकार देण्यात नव्हती. चूक सहा वर्षं आधी, न वाचता सही करण्यात होती. या दोन गोष्टींची गल्लत करू नकोस.

म्हणून नोकरीचं. घे. रंगकाम शिक, वेळेवर पान द्यायला शिक, दुसऱ्याच्या रेघेचा मान ठेवायला शिक. तिथली पानं त्यांची असतील, ते बरोबरच आहे, पगार घेशील त्याचा. पण तू मोबाइलवर जो बाँड दाखवलास त्याचं नववं कलम पुन्हा वाच. नोकरीच्या काळात तू जे काही 'निर्माण करशील' ते सगळं कंपनीचं, असं आहे त्यात. 'कामाच्या वेळेत, कंपनीच्या कामासाठी' हे शब्द कुठेच नाहीत. म्हणजे रात्री घरी बसून काढलेलं पानही. ते शब्द घालून घे. नाही म्हणाले तर सही करू नकोस. वडिलांना मी फोन करतो. तुझा संकोच बाजूला ठेव, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. वकिलाची फी मी भरेन, ती परत करायची नाहीस.

आता चिडतो त्या गोष्टीकडे येतो. दोन्ही गठ्ठ्यांखाली एक तिसरी गोष्ट होती, आठ पानांची, पेन्सिलीतच. एसटी स्टँडवर कंदी पेढे विकणारी तुझी आजी, आणि शेवटची गाडी निघून गेल्यावर टोपली उचलणारी. तू ती दाखवलीसुद्धा नाहीस! रेघ ना मोबियसची, ना कर्बीची. चौथ्या पानावर पावसात ती टोपलीवर स्वतःचा पदर धरते, ती चौकट मी कितीदा बघितली. आणि आठव्या पानाच्या तळाला तू काय लिहिलंस? 'क्रमशः'. का? कुणी मागितलंय पुढचं? कोणता संपादक तुझ्या मागे लागलाय? गोष्ट तुझी, आजी तुझी, कुठलाही कागद मध्ये नाही, आणि शेवट तू स्वतःच्या हातानं टाळलास. टोपली उचलून ती कुठे जाते, ते तुला ठाऊक आहे.

नववं पान काढ. शाईत. पुढच्या रविवारी ये तेव्हा ते आण, आणि बाँडची छापील प्रत आण. सकाळी दहाच्या आत ये, उजेड चांगला असतो.

तुझे,
सर